किशोरांच्या आरोग्याची संस्था : आरंभ कोठून करावा ?

न्यासाच्या महोत्सवी वर्षात काही स्थायी स्वरूपाचे कार्य हाती घ्यावे, असा विचार गेल्या काही बैठकांतून निघाला आहे. त्यात किशोरवयीन मुलामुलींच्या आरोग्यासाठी साऱ्या मध्य प्रदेशात काम करणारी एक नवी संस्था काढावी, ही सूचना बऱ्याच सभासदांना पसंत पडलेली दिसते. सूचना उत्तम आहे यात शंका नाही. परंतु उत्तम सूचनेचे कार्यात रूपांतर करावयाचे म्हणजे पुष्कळ विचार करावा लागतो. मी रोज याच वयाच्या मुलामुलींत वावरणारी शिक्षिका, म्हणून संपादक मंडळाने या विषयावर चार शब्द लिहावयास सांगितले. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. वर्गात वीस वर्षे उभे राहून जे पाहिले, आणि ज्यांनी ही वाट पूर्वी तुडवली त्यांच्या कार्यातून जे समजून घेतले, ते सभासद बंधुभगिनींपुढे ठेवते.

कोणाचे आरोग्य ?

किशोरवय म्हणजे सामान्यतः दहा ते एकोणीस वर्षांचा काळ. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात या वयाची मुलेमुली सुमारे २५ कोटी ३० लक्ष होती, म्हणजे दर पाच माणसांत एक. एवढ्या मोठ्या समुदायाकडे आपले लक्ष मात्र फारच थोडे असते. तान्ह्या मुलाला लस टोचण्यासाठी घरी येऊन बोलावणारे कोणी असते. गरोदर बाईच्या हाती तपासणीचे कार्ड असते. या दोहोंच्या मधल्या दहा वर्षांत मूल आजारी पडले तरच दवाखान्याचे तोंड पाहते. पुष्कळदा लहानांचे डॉक्टर म्हणतात, हा आता मोठा झाला; आणि मोठ्यांच्या रांगेत उभे राहण्याची त्याला लाज वाटते.

प्रश्न मात्र थोडे नाहीत. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलांतही हे प्रमाण ३१.१ टक्के निघाले. त्याआधीच्या, २०१५-१६ सालच्या पाहणीत मुलींचे प्रमाण ५४.१ टक्के होते, म्हणजे मधल्या काळात ते कमी होण्याऐवजी वाढले. आपल्या राज्यात वीस ते चोवीस वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी २३ जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झालेले होते. आधीच्या पाहणीत हा आकडा ३२ होता, तेव्हा सुधारणा झाली हे खरे. पण ज्या तेवीस उरल्या त्यांना त्या सुधारणेचे काय?

या वयाच्या आरोग्याचे सहा विषय सरकारी कार्यक्रमात सांगितले आहेत, ते ध्यानात ठेवण्याजोगे आहेत : पोषण, प्रजनन व लैंगिक आरोग्य, मनाचे आरोग्य, मारहाण, हिंसा व अपघात, तंबाखू, दारू आदींचे व्यसन, आणि मधुमेह, रक्तदाब यांसारखे पुढे जडणारे असंसर्गजन्य रोग. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात किशोर-आरोग्य म्हणजे मुलींची पाळी एवढाच अर्थ आहे. तो अपुरा आहे. गुटख्याची पुडी खिशात बाळगणारा आठवीतला मुलगा, आणि परीक्षेच्या भीतीने रात्र रात्र जागणारी बारावीची मुलगी, ही दोघेही या संस्थेची मुले होत.

जे आधीच आहे ते पाहावे

नवी संस्था काढणाऱ्यांनी प्रथम हे पाहिले पाहिजे की या कामासाठी आज कोणती व्यवस्था उभी आहे. केंद्र सरकारने ७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्याअन्वये सरकारी रुग्णालयांत किशोरांसाठी स्वतंत्र सल्ला-केंद्रे काढण्यात आली. आपल्या राज्यात त्यांना ‘उमंग’ हे नाव आहे. गावातील मुलामुलींतूनच निवडलेले ‘साथिया’ आपल्या सोबत्यांना माहिती देतात, अशीही योजना त्यात आहे. लोहाच्या निळ्या गोळ्या आठवड्यातून एकदा शाळांतून व अंगणवाड्यांतून देण्याचा कार्यक्रम आहे. २०२० पासून प्रत्येक सरकारी शाळेतील दोन शिक्षकांनी आरोग्यदूत म्हणून काम करावे, अशी योजना आहे. मन खचलेल्या कोणालाही दिवसरात्र बोलता यावे म्हणून ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. आणि संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

मग नवी संस्था कशाला ? असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. उत्तर असे, की गोळी शाळेपर्यंत येते, पण पोटात जातेच असे नाही. केंद्र रुग्णालयात असते, पण मुलगी त्याच्या दारापर्यंत जातेच असे नाही. उपाशीपोटी गोळी घेतल्याने मळमळले, शौचाचा रंग काळा झाला, की घरात भीती शिरते आणि दुसऱ्या आठवड्यात गोळी गटारात जाते. ती जेवणानंतर घ्यावी, रंग काळा होणे निरुपद्रवी आहे, तिच्या मागोमाग चहा घेऊ नये, सकाळच्या पोह्यांवर लिंबू पिळावे म्हणजे अन्नातले लोह अधिक चांगले अंगी लागते, एवढे समजावून सांगणारे माणूस त्या घरी पोहोचलेले नसते. व्यवस्था आणि मूल यांच्यामध्ये जे चार पावलांचे अंतर उरते, ते भरून काढणे हेच नव्या संस्थेचे काम होय. दवाखाना काढणे हे तिचे काम नव्हे.

माझ्या हातून झालेली एक चूक

ही चार पावले किती अवघड असतात हे मी एका चुकीतून शिकले. ती येथे सांगणे मला सुखाचे नाही. पण संस्था काढणाऱ्यांना तिचा उपयोग होईल म्हणून सांगते.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीतील एक मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याजवळ आली. पाळी दोन-दोन महिने येत नाही, आली की थांबत नाही, जिना चढताना चक्कर येते, असे तिने सांगितले. सांगताना तिचे डोळे दाराकडे होते. मी तिला धीर दिला, आणि त्याच आठवड्यात पालकसभा सुटल्यावर शाळेच्या फाटकाशी तिच्या आईला गाठून, मुलीला डॉक्टरांना दाखवा, म्हणून सांगितले. आईबरोबर मुलीची काकू होती. ‘पाळी चुकते’ एवढेच दोन शब्द काकूच्या कानी नीट पडले. त्या दोन शब्दांचा घरात काय अर्थ लावला गेला, हे मला पंधरा दिवसांनी कळले. मुलीचे नाव शाळेतून काढण्यात आले होते. वर्ष उलटण्याच्या आत तिचे लग्न झाले. तिला रक्तक्षय होता, हे पुढे तिच्या पहिल्या बाळंतपणात निघाले.

माझा हेतू वाईट नव्हता. मी खोटेही बोलले नव्हते. पण तिने मला जे सांगितले होते ते तिचे होते. ते कोणाला, कोठे, केव्हा सांगावे हे तिला विचारल्याशिवाय मी ठरवले. त्यानंतर सुमारे दोन वर्षे एकही मुलगी आपणहून माझ्याशी या विषयावर बोलली नाही. मॅडमना सांगितले की घरी कळते, हे मुली एकमेकींना सांगत असाव्यात. आणि त्यांचे काय चुकले?

यावरून मी जे शिकले ते एका वाक्यात असे : अशा संस्थेची खरी पुंजी म्हणजे मुलांचा विश्वास, आणि तो जितक्या अंतरापर्यंत पोहोचला असेल तितक्याच अंतरापर्यंत संस्था पसरवावी. इमारत पडली तर पुन्हा बांधता येते. एका मोहल्ल्यातला विश्वास गेला तर तो मोहल्ला काही वर्षांपुरता बंद होतो.

ज्यांनी ही वाट तुडवली

हाच धडा महाराष्ट्रातील काही थोर कार्यांतूनही मिळतो. आपल्यापैकी अनेकांचे नातेसंबंध तिकडे असल्याने ही नावे सर्वस्वी अपरिचित नसावीत.

पहिले नाव प्राध्यापक र. धों. कर्वे यांचे. लोक ज्या विषयाचे नावही उच्चारीत नसत, त्याविषयी त्यांनी १९२१ साली मुंबईत सल्ला-केंद्र उघडले, आणि जुलै १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. ते विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत. ती नोकरी त्यांना सोडावी लागली, खटलेही सोसावे लागले. शरीराविषयी स्पष्ट व शास्त्रीय मराठीत बोलता येते, हे त्यांनी सिद्ध केले. तरी त्यांच्या पाठीशी समाज उभा राहिला नाही आणि ते काम बव्हंशी एकट्याच्या खांद्यावर राहिले, हेही विसरू नये.

दुसरे नाव जामखेडचे. मालव्याच्या अहिल्यादेवी ज्या चौंडी गावी जन्मल्या, ते गाव याच तालुक्यातले. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली तेथे काम सुरू केले, आणि गावानेच निवडलेल्या बायकांना आरोग्यसेविका केले. त्यांतील अनेक जणींना अक्षरओळखही नव्हती. पण शेजारीण म्हणून त्यांचा शब्द गावात चाले, आणि बाहेरून आलेल्या पदवीधराला जे उमगले नसते ते त्यांना उमगे. या कार्याबद्दल उभयतांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तिसरे गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था काढली. राणीताईंनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले, आणि पूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के निघाल्या. १९८९ साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बायका सांगत नव्हत्या, याचे कारण दुखत नव्हते हे नसून कोणी विचारले नव्हते, हे होय. त्यांनी दवाखाना बांधताना आदिवासींनाच विचारले, आणि मोठ्या इमारतीची त्यांना भीती वाटते म्हणून तो त्यांच्या वस्तीसारखा बांधून त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले. पुढे तरुण मुलामुलींसाठी त्यांनी ‘तारुण्यभान’ हे शिबिर सुरू केले.

चौथे, आणि आपल्या विषयाला सर्वांत जवळचे, उदाहरण पैठण तालुक्यातील पाचोडचे. डॉ. अशोक दयालचंद यांच्या संस्थेने तेथे अविवाहित मुलींसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम आखला. आठवड्याचे पाच दिवस, संध्याकाळी एक तास. शिकवणाऱ्या बायका त्याच गावच्या. आरोग्य, आहार, घरात व पंचायतीत आपले म्हणणे कसे मांडावे, असे त्यातील विषय. शाळा सुटलेल्या आणि मजुरीला जाणाऱ्या मुलींवर विशेष भर. काही वर्षांनी मोजणी झाली, तेव्हा त्या गावांत मुलींच्या लग्नाचे मध्यम वय सोळावरून सतरावर गेल्याचे दिसून आले. कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपाने एकच वर्ष ? पण सोळाव्या आणि सतराव्या वर्षातील ते एक वर्ष म्हणजे दहावीची परीक्षा, शरीराची वाढ, आणि ‘नको’ म्हणण्याचे बळ. ते मुलीच्या पदरात टाकणे ही लहान गोष्ट नव्हे.

या उदाहरणांत एक समान सूत्र आहे. यांपैकी कोणीही राज्यव्यापी संस्था म्हणून आरंभ केला नाही. प्रत्येकाने एक जागा धरली, तेथे वर्षानुवर्षे राहिले, आणि त्या जागेचा प्रकाश मग दूरवर पडला.

कायद्याचे रूप

आता व्यवहाराकडे वळू. आपल्या राज्यात अशा कार्याला तीन रूपे देता येतात. पहिले सार्वजनिक न्यासाचे; त्यासाठी १९५१ चा मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम आहे. दुसरे समितीचे, म्हणजे आपण बोलताना ज्याला सोसायटी म्हणतो त्याचे. त्यासाठी १९७३ चा राज्य अधिनियम असून निदान सात व्यक्तींनी एकत्र येऊन नियमावलीसह पंजीयन करावे लागते. तिसरे कंपनीचे, २०१३ च्या कंपनी कायद्यातील आठव्या कलमाखाली नफा न वाटणारी कंपनी काढता येते.

न्यासात निर्णय थोड्या हातांत राहतो, मालमत्ता सुरक्षित राहते. समितीत सभासद कार्यकारिणी निवडतात, दरवर्षी सर्वसाधारण सभा भरवावी लागते, यादी व तपासलेले हिशेब कार्यालयात द्यावे लागतात. त्यामुळे लोकांचा सहभाग राहतो. कंपनीला शिस्त अधिक, आणि खर्चही अधिक. माझे मत असे, की पहिले वर्ष न्यासाच्याच छत्राखाली काम करावे, परंतु आपल्या न्यासपत्रातील उद्देशांत आरोग्य व शिक्षण यांचा समावेश आहे की नाही हे आधी वकिलाकडून पाहून घ्यावे. काम रुजले की सात-नऊ जणांची समिती पंजीकृत करावी. त्या सातांत निदान तीन स्त्रिया असाव्यात, एक डॉक्टर असावा, आणि ज्यांच्यासाठी संस्था आहे त्या वयातून नुकतेच बाहेर पडलेले दोन तरुण असावेत. केवळ देणगीदारांची नावे घालून कार्यकारिणी भरू नये.

पैसा

मोठ्या कंपन्या कायद्याने आपल्या नफ्याचा काही भाग समाजकार्यासाठी देतात, आणि विदेशातूनही मदत मिळते, असे बैठकीत बोलले गेले. दोन्ही खरे आहे. तथापि स्वतंत्रपणे काढलेल्या संस्थेला या दोन्ही ठिकाणी सामान्यतः निदान तीन वर्षांचे काम दाखवावे लागते. म्हणजे पहिली तीन वर्षे आपल्याच पैशावर निभावली पाहिजेत. मला यात तोटा वाटत नाही. घरच्या पैशावर चाललेले काम घरच्यांना जबाबदार राहते, आणि कोणा दूरच्या देणगीदाराच्या आवडीप्रमाणे दरवर्षी विषय बदलण्याची पाळी येत नाही. आयकर खात्याकडे यथावकाश नोंदणी केल्यास देणाऱ्यालाही कायद्याप्रमाणे सवलत मिळू शकते.

पहिल्या वर्षासाठी फार लागते असे नाही. माधवनगरात एक खोली. कुलपाचे एक कपाट. वजनकाटा आणि उंची मोजण्याची पट्टी. मानधनावर एक बाई आणि एक तरुण. आणि तीन वस्त्यांत प्रत्येकी वीस मुलामुलींचे गट, मुलींचे वेगळे, मुलांचे वेगळे. तीन वस्त्यांचे मिळून सहा गट, म्हणजे एकशेवीस मुले. एकशेवीस मुलांची नावे, त्यांच्या आयांचे स्वभाव आणि त्यांच्या घरची अडचण दोन माणसांना तोंडपाठ राहू शकते. बाराशे मुलांची राहू शकत नाही.

गुपित आणि कायदा

वर सांगितलेल्या चुकीनंतर मी वर्गात एक प्रश्नपेटी ठेवली. नाव न लिहिता चिठ्ठी टाकावी, शुक्रवारी सर्वांसमोर उत्तर मिळेल. पहिला महिना पेटीत चॉकलेटचे कागद निघाले. दुसऱ्या महिन्यापासून प्रश्न येऊ लागले. मिशी का फुटत नाही. एकच बाजू का दुखते. रात्री अंथरूण ओले होते, हा रोग आहे काय. एका शुक्रवारी एक चिठ्ठी निघाली, तीत एवढेच होते की जगावेसे वाटत नाही. अक्षर ओळखता आले नाही. मी त्या दिवशी दुसरा प्रश्न घेतला नाही. साऱ्या वर्गाशी त्याच एका गोष्टीवर बोलले, १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहिला, आणि मधल्या सुट्टीत मी कोठे बसलेली असते ते सांगितले. तिसऱ्या दिवशी ते मूल आले. या खेपेस मी आधी त्याला विचारले, घरात कोणाला सांगितलेले तुला चालेल ? त्याने आजीचे नाव घेतले.

परंतु संस्थेने येथे एक गोष्ट नीट जाणून घेतली पाहिजे. ‘तू सांगशील ते मी कोणालाही सांगणार नाही’ असे सरसकट वचन देता येत नाही. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे किंवा होण्याचा संभव असल्याचे कळले, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वये ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. मुलाच्या जिवाला धोका असेल तेव्हाही गप्प बसून चालत नाही. म्हणून कार्यकर्त्याने बोलणे सुरू होण्यापूर्वीच मुलाला साध्या शब्दांत सांगावे, की या दोन गोष्टी सोडून बाकीचे तुझ्या परवानगीवाचून कोठेही जाणार नाही. आणि या दोन गोष्टीही तुला आधी सांगूनच पुढे नेईन. मुले हा प्रामाणिकपणा ओळखतात. नोंदवही कुलपात राहावी, तीत नावाऐवजी क्रमांक असावा, मोबाइलवर मुलांची छायाचित्रे काढून गटागटांत पाठवू नयेत. अहवालाला फोटो हवा म्हणून मुलाचा चेहरा खर्ची घालणे अगदी गैर आहे.

आईबाप आणि वडीलधारे

कोणी म्हणतात, अमक्या समाजात हे चालणार नाही. मी मुसलमान घरात वाढले, मराठी बोलत वाढले, आणि शाळेत सर्व जातिधर्मांची मुले शिकवते. माझा अनुभव असा, की या विषयाची लाज सगळ्या घरांत सारखीच आहे. फक्त शब्द वेगळे आहेत. एका घरी कावळा शिवतो, दुसऱ्या घरी महिना येतो, तिसऱ्या घरी डोळ्यांनीच सांगतात. पुष्कळ आयांना हे बोलायचे असते. त्यांच्या आयांनी त्यांना काही सांगितलेले नसते, म्हणून सुरुवात कशी करावी हे कळत नाही. यास्तव मुलींचा गट सुरू करण्यापूर्वी आयांची एक बैठक घ्यावी, आणि मुलांना जे शिकवणार ते पुस्तक त्यांच्यापुढे उघडून ठेवावे. पंडितजी असोत वा मौलवीसाहेब, त्यांनाही आधी भेटावे. रक्तक्षयापासून आरंभ केला तर कोणाचाही विरोध होत नाही, असे मी पाहिले आहे. आज गोळीवर विश्वास बसला, तर उद्या गोळी देणारीवर बसतो.

मुलग्यांना वगळू नये. त्यांच्या शंकांना उत्तर देणारे घरात कोणी नसते. मग ती उत्तरे मोबाइलवर, नको त्या ठिकाणी शोधली जातात. बहिणीच्या पाळीची टर उडवणारा मुलगा आणि ती समजून घेणारा मुलगा, यांत बहुधा अर्ध्या तासाच्या समजुतीच्या बोलण्याचेच अंतर असते. तो अर्धा तास संस्थेने द्यावा.

राज्यभर कसे जावे ?

आपल्या राज्यात आज ५५ जिल्हे आहेत. झाबुआ-अलीराजपूरकडे भिली, बैतूलकडे कोरकू, मंडला-दिंडोरीकडे गोंडी, सागर-छतरपूरकडे बुंदेली, रीवाकडे बघेली. आणि बऱ्हाणपूर, पांढुर्णा येथे आपली मराठी. उज्जैनमध्ये छापलेले एकच पत्रक या सर्वांना कसे पुरेल ? म्हणून कार्यालये उघडत जाऊ नये. माणसे तयार करीत जावे. पहिले वर्ष माधवनगर व आसपासच्या तीन वस्त्या. दुसरे-तिसरे वर्ष घटिया, तराना, महिदपूर अशा आपल्याच जिल्ह्यातील तहसिली. त्यानंतर ज्या जिल्ह्यातील एखादी शिक्षिका, परिचारिका किंवा छोटी संस्था आपणहून येईल, तिला येथे बोलावून शिकवावे, आणि परत जाऊन तिने आपल्या बोलीत, आपल्या पद्धतीने काम करावे. आपण तिला साहित्य, सल्ला आणि अडचणीत आधार द्यावा. पाचोडचा तास पैठणचा होता. आपला तास मालव्याचा असेल, तिचा तिच्या मुलखाचा असेल.

प्रगती मोजताना किती सभा झाल्या, किती पत्रके वाटली, हे मोजू नये. वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी किती आठवडे गोळी प्रत्यक्ष घेतली गेली ? उमंग केंद्रात पाठवलेल्यांपैकी किती जण खरोखर डॉक्टरांना भेटून परत आले ? किती लग्ने अठरापलीकडे गेली ? शाळा सोडलेली किती मुले परत आली ? आणि एकदा येऊन गेलेले मूल दुसऱ्यांदा आपणहून आले काय ? माझ्या मते हा शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. तो वाढत नसेल तर पुढच्या जिल्ह्यात जाऊ नये.

शेवटी

सभासदांपाशी मागणे एवढेच आहे. महोत्सवी समारंभात संस्थेच्या नावाची घोषणा करण्याची घाई नसावी. त्याऐवजी या वर्षी तीन गोष्टी व्हाव्यात : न्यासपत्र पाहून घ्यावे, तीन वर्षे पुरेल एवढा छोटा निधी बाजूला काढावा, आणि सभासदांपैकी दहा कुटुंबांनी आपल्या घरातील मुलामुलींना प्रथम पाठवावे. आपली मुले न पाठवता दुसऱ्यांच्या मुलांसाठी काढलेली संस्था वस्तीला लगेच ओळखू येते.

ज्या मुलीची गोष्ट मी सांगितली, ती गेल्या वर्षी फ्रीगंजच्या बाजारात मला भेटली. तिच्याबरोबर तिची धाकटी मुलगी होती. ‘मॅडम, हिला तुमच्याच शाळेत घालायची आहे,’ म्हणाली. राग तिने धरला नव्हता. ती मुलगी दहा-बारा वर्षांची होईल तोवर आपल्या हाती फार वेळ नाही.